पाण्यातलं ट्रिशियम मोजताना

ट्रिशियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्याच्या विघटनातून निघणाऱ्या बीटा कणाची (इलेक्ट्रॉनची) ऊर्जा जास्तीत जास्त 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, सरासरी जेमतेम 5.7. गायगर काउंटरच्या खिडकीतच तो अडतो, म्हणून गायगर गप्प राहिला याचा अर्थ नमुना स्वच्छ असा होत नाही. त्यामुळे नमुना थेट सिंटिलेशन कॉकटेलमध्ये, म्हणजे बीटा कणाच्या ऊर्जेने चमकणाऱ्या द्रवात, मिसळायचा आणि उमटणारा क्षीण प्रकाश दोन फोटोमल्टिप्लायर नळ्यांनी (प्रकाशाचं विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या) टिपायचा.

आधी ऊर्ध्वपातन. 100 मिली पाण्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम परमँगनेट घालून उकळा. पहिले 10 मिली टाकून द्या, पुढचे 50 मिली घ्या. रंग, क्षार आणि बरीचशी इतर किरणोत्सारी द्रव्यं मागे राहतात. आच मंद ठेवा. पाणी उसळलं तर अल्कली, म्हणजे ते हायड्रॉक्साइड, गोळा होणाऱ्या पाण्यात जाते आणि नंतर छळते.

20 मिलीच्या प्लास्टिक व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) 8 मिली पाणी, 12 मिली कॉकटेल. साधी काच नको, तिच्यातलं किरणोत्सारी पोटॅशियम-40 बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्याबाहेरून येणारी मोजणी, वाढवतं. मिश्रण दोन थरांत फुटलं तर ते मोजूच नका. ट्रिशियमविरहित पाण्याची बॅकग्राउंड व्हायल याच प्रमाणात बनवा. मग सगळ्या व्हायल काही तास अंधारात ठेवा.

एकदम 500 मिनिटं मोजण्यापेक्षा 50 मिनिटांच्या 10 फेऱ्या बऱ्या. फेरीगणिक आकडा घसरत असेल तर तो बहुधा रासायनिक प्रकाश, म्हणजे कॉकटेलमधल्या रासायनिक अभिक्रियेतून उमटणारा, अल्कलीचा प्रताप. सलग मोजणीत ही घसरण सरासरीत लपते.

खरी मेख क्वेंचिंगची. पाणी आणि अशुद्धी प्रकाश खातात, आणि इतक्या कमी ऊर्जेला त्याचा फटका मोठा बसतो. अशा नमुन्यात 25 टक्के कार्यक्षमता (दर 100 विघटनांतली 25 मोजली जाणं) ठीकच म्हणायची, पण ती गृहीत धरू नका. मोजून झालेल्या व्हायलमध्ये माहीत असलेल्या क्रियतेचं (ठरावीक वेळात होणाऱ्या विघटनांचं) 0.1 मिली ट्रिशियमयुक्त पाणी घालून पुन्हा मोजा. मिनिटाला वाढलेले काउंट भागिले घातलेलं मिनिटागणिक विघटन, ही कार्यक्षमता.

समजा नमुन्याचे मिनिटाला 12 काउंट, बॅकग्राउंडचे 3. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन. निव्वळ 9 ला 60 सेकंद × 0.25 कार्यक्षमता × 0.008 लिटरने भागलं की लिटरला 75 बेकरेल. दोन्ही व्हायल 500 मिनिटं मोजल्या असतील तर निव्वळ मोजणीची सांख्यिकी चूक सुमारे 2 टक्के.

कार्यक्षमतेसाठी घातलेल्या त्या ट्रिशियमयुक्त पाण्याच्या, म्हणजे प्रमाणित द्रावणाच्या, प्रमाणपत्रावरची तारीख बघा. अर्धायुष्य 12.32 वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण 5.5 टक्के घट. ती धरली नाही तर कार्यक्षमता कमी दिसते आणि नमुन्याची क्रियता उगाच फुगते.