फोटोशॉप अपडेट केलं आणि सगळं गंडलं? या चुका टाळा

लग्नसराईतली गोष्ट. आमच्या दुकानातून एक फ्लेक्स गेला, पाच बाय आठचा, मधोमध नवरा-नवरी. संध्याकाळी नवरदेवाचे मामा तो गुंडाळून परत घेऊन आले. काउंटरवर उलगडला आणि शांतपणे विचारलं, "आमच्या पोराला गालगुंड झालंय का हो?"

बघतो तर खरंच. नवरी ठीक होती, नवरदेव मात्र आडवा ताणलेला. फार नाही, थोडासाच, म्हणून स्क्रीनवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पाच फुटांवर गेल्यावर आलं. ऑपरेटर म्हणाला, "दादा, परवा अपडेट टाकलं ना, तेव्हापासून सॉफ्टवेअर गंडलंय."

सॉफ्टवेअर गंडलेलं नव्हतं. गंडला होता त्याचा डावा हात. सीएस६ या फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस फोटो लहान-मोठा करताना शिफ्ट दाबतोच, कारण त्या काळी शिफ्ट दाबलं तरच लांबी-रुंदीचं प्रमाण टिकायचं. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी २०१९मध्ये हे उलटं झालं. आता नुसतं ओढलं की प्रमाण टिकतं आणि शिफ्ट दाबलं की सुटतं. नवरीचा फोटो त्याने माउसने कोपरा धरून सहज ओढला होता. नवरदेवाच्या वेळी सवयीने शिफ्ट दाबलं गेलं.

तुम्ही म्हणाल, २०१८चा बदल आता कशाला सांगता? कारण आपल्याकडे छोट्या दुकानांत दरवर्षी कुणी अपडेट करत नाही. सीएस६ किंवा सीसी २०१५वर पाच-सात वर्षं काढायची आणि मशीन बदललं की एकदम ताज्या आवृत्तीवर उडी मारायची, अशी पद्धत. मग मधल्या सगळ्या वर्षांचे बदल एकाच सोमवारी सकाळी अंगावर येतात.

पहिली चूक: बदलाला बिघाड समजणं

काहीतरी विचित्र झालं की आधी हे बघा, ते दरवेळी होतंय की अधूनमधून? नवी कोरी फाइल उघडून तेच करा. तिथेही दरवेळी अगदी तसंच होत असेल, तर बहुतेक वेळा कंपनीने पद्धतच बदललेली असते. एखाद्याच जुन्या फाइलमध्ये होत असेल, तर संशय त्या फाइलवर किंवा तिच्यातल्या फॉन्टवर घ्या. आणि कधी होतं, कधी नाही, स्क्रीनवर काळे चौकोन येतात, ब्रश अडखळत चालतो, असं असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे वळा. एवढी चाळणी लावायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे ती न लावता थेट अनइन्स्टॉल करणारे महाभाग आहेत.

शिफ्टच्या बदलात एक जास्तीची गंमत होती. पहिल्या आवृत्तीत फोटो आणि अक्षरं नव्या पद्धतीने ओढली जायची, पण शेप लेयर, म्हणजे चौकोन-गोल असे आकार, जुन्याच पद्धतीने. एकाच फाइलमध्ये दोन कायदे! २०२०च्या आवृत्तीत ते सारखं केलं गेलं. जुनीच सवय ठेवायची असेल तर प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या सेटिंग्जमध्ये, जनरलखाली ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ असा चौकोन आहे, त्यावर टिक करा. आणखी एक तक्रार हमखास येते. ट्रान्सफॉर्म करताना मधोमध दिसणारं ते छोटं चिन्ह, ज्याच्याभोवती आपण फोटो फिरवायचो, ते गायब आहे. ते गेलेलं नाही, लपवलंय. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली ‘शो रेफरन्स पॉइंट व्हेन यूजिंग ट्रान्सफॉर्म’ चालू केलं की परत येतं.

कंट्रोल-झेडचा फटका याहून मोठा

शिफ्टची चूक निदान डोळ्यांना दिसते. अनडूची, म्हणजे केलेलं मागे घेण्याची, दिसत नाही.

पूर्वी कंट्रोल-झेड एकदा दाबलं की शेवटची कृती मागे जायची, पुन्हा दाबलं की परत यायची. रीटचिंग करणारे या टकटकीवरच जगायचे. डाग काढला, टक-टक, आधी-नंतर बघितलं, पुढे गेलो. अनेक पायऱ्या मागे जायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-झेड. सीसी २०१९पासून कंट्रोल-झेड दरवेळी एकेक पायरी मागेच जातं. पुढे यायला कंट्रोल-शिफ्ट-झेड, आणि जुनी टकटक आता कंट्रोल-ऑल्ट-झेडवर.

आता हे हाताला माहीत नसेल तर काय होतं ते बघा. नवरीच्या क्लोज-अपवर तासभर काम झालंय. डोळ्याखालची सावली हलकी केली आणि फरक बघायला सवयीने चार-पाचदा टकटक केली. चार-पाच पायऱ्या मागे गेल्या. चित्रात फरक इतका बारीक की लक्षातच आलं नाही. मग हातात ब्रश होता, म्हणून पुढचा डाग काढला. त्या क्षणी मागे टाकलेल्या सगळ्या पायऱ्या हिस्टरीतून, म्हणजे कृतींच्या नोंदीतून, पुसल्या गेल्या, कारण मागे जाऊन नवं काही केलं की पुढचा रस्ता बंद होतो. अल्बम छापून येतो तेव्हा कळतं की कपाळावरचा केस आपण काढला होता, तरी तो तिथेच आहे.

उपाय दोन आहेत. एक, एडिट मेनूत कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’ चालू करा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. दुसरा, नवं शिकून घ्या. माझं मत विचाराल तर दुकानात सगळ्या मशीनवर एकच पद्धत ठेवा, मग ती कुठलीही असो. एका मशीनवर जुनी आणि शेजारच्यावर नवी, यासारखा दुसरा घोळ नाही. आज या खुर्चीत, उद्या त्या खुर्चीत बसणारा माणूस दोन्हीकडे चुकणार. आम्ही नवी घेतली. आठ-दहा दिवस शिव्या घातल्या, मग बसला हात.

‘जेपेगच दिसत नाही!’

हा फोन मला निदान डझनभर लोकांनी केला असेल. सेव्ह ॲज उघडलं की यादीत पीएसडी, टिफ वगैरे आहे, पण जेपेग नाही. मग लोक लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, फ्लॅटन करतात, म्हणजे एकत्र चिकटवून टाकतात, जेपेग दिसायला लागतं, सेव्ह करतात, खूश होतात. लेयरची फाइल आधी सेव्ह केलेली नसेल, तर बंद केलं की लेयर गेले.

फ्लॅटन करू नका. मे २०२१मध्ये आलेल्या २२.४ आवृत्तीपासून सेव्ह ॲजमध्ये फक्त तेच प्रकार दिसतात ज्यांच्यात तुमची फाइल लेयरसकट, जशीच्या तशी मावते. जेपेगमध्ये लेयर मावत नाहीत, म्हणून ते यादीतून बाहेर. त्यासाठी ‘सेव्ह अ कॉपी’ वेगळं दिलंय, शॉर्टकट कंट्रोल-ऑल्ट-एस. लोकांनी इतकी बोंब ठोकली की थोड्याच दिवसांत प्रेफरन्सेसच्या फाइल हँडलिंगमध्ये जुनी पद्धत चालू करायचा चौकोन आला. त्याच्याच शेजारी, नावापुढे ‘कॉपी’ हा शब्द जोडू नये म्हणून दुसरा चौकोन आहे. दोन्ही टिक केले की जुने दिवस परत.

मराठी मजकुराच्या बाबतीत घाई नको

इथे आपल्या लोकांचं जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबतो.

जुनी लग्नपत्रिका नव्या आवृत्तीत उघडली की कधी कधी खिडकी येते: काही टेक्स्ट लेयर अपडेट करावे लागतील, करू का? ऑपरेटर न वाचता ‘अपडेट’ दाबतो. मग ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, ‘चि. सौ. कां.’मधलं ‘कां.’ पुढच्या ओळीत जातं. ‘नो’ दाबलंत तर लेयर आहे तसा चित्रासारखा दिसत राहतो आणि जोवर मजकुराला हात लावत नाही तोवर हलत नाही. तारीख बदलायची नसेल आणि नुसती परत प्रिंट काढायची असेल, तर ‘नो’च दाबा. बदल करायचाच असेल तर आधी फाइलची प्रत काढा आणि प्रतीवर प्रयोग करा.

दुसरी तक्रार, अक्षरांऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. याचा अपडेटशी बहुतेकदा संबंध नसतो. श्रीलिपी, आकृतीसारखे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत ते पाळत नाहीत. त्यांत ‘क’ हा संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसतोच, दुसऱ्याच कुठल्यातरी चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. नव्या मशीनवर तो फॉन्ट टाकलेला नसेल तर चित्र निघून जातं आणि खालचं चिन्ह उघडं पडतं. तेव्हा लेयरवर पिवळा त्रिकोण दिसला की फॉन्ट ‘रिप्लेस’ करायच्या भानगडीत पडू नका. आधी तो मूळ फॉन्ट शोधून टाका, फाइल आपोआप सुधारते.

एक अपवाद आहे. तुमच्या संग्रहात पोस्टस्क्रिप्ट टाइप १चे फॉन्ट असतील, म्हणजे पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीने येणाऱ्या फाइल्स, तर ते आता फोटोशॉपमध्ये दिसणारच नाहीत. अडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा आधार जानेवारी २०२३पर्यंत काढून घेतला, फोटोशॉपमधून तर त्याच्याही आधी. हे मात्र खरोखर अपडेटमुळेच. टीटीएफ आणि ओटीएफ फॉन्टना यातलं काही लागू नाही.

तिसरी गोष्ट युनिकोडवाल्यांची. ‘विवाह’ टाइप केलं आणि पहिली वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी नंतर आली, जोडाक्षराचा पाय मोडून बसला, तर फॉन्टवर राग काढू नका. तो मजकूर मांडणाऱ्या इंजिनाचा प्रश्न असतो. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडा. सेटिंग नव्याने तयार झाल्या की ही निवड हरवू शकते.

प्रेफरन्सेस उडवणं हे पहिलं औषध नाही

इंटरनेटवर प्रत्येक दुखण्यावर एकच मात्रा सांगतात: फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून धरा, सेटिंग्ज उडवा. कधी कधी लागू पडते, खरं आहे. पण आमच्याकडच्या एकाने ती मात्रा घेतली आणि सहा वर्षं जमवलेल्या ॲक्शन, म्हणजे एका बटणावर आपोआप होणारी कामं, गेल्या. पासपोर्ट फोटोची आठाची शीट एका बटणावर व्हायची, ती आता पुन्हा हाताने.

आधी ॲक्शन पॅनेलच्या मेनूतून सेट एटीएन फाइलमध्ये सेव्ह करा, ब्रश एक्सपोर्ट करा. मग यूजरच्या ॲपडेटा-रोमिंग-अडोबी फोल्डरात प्रत्येक आवृत्तीचं स्वतंत्र सेटिंग्ज फोल्डर असतं. ते डिलीट करू नका, फोटोशॉप बंद करून त्याचं नाव बदला. फोटोशॉप नवं कोरं फोल्डर तयार करतं. दुखणं गेलं तर ठीक, नाही गेलं तर नाव पूर्ववत केलं की सगळं होतं तसं.

ग्राफिक्स कार्डाचा संशय असेल तर प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची टिक काढून पुन्हा सुरू करून बघा. सुधारलं, तर कार्डाचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका आणि टिक परत लावा. ती कायमची काढून ठेवली तर निम्मी नवी टूल्स बंद पडतात किंवा गोगलगायीसारखी चालतात. आणि हो, त्याच आठवड्यात विंडोजनेही स्वतःला अपडेट केलं असेल, तेही बघा. गुन्हेगार दरवेळी फोटोशॉपच नसतो.

जुनी आवृत्ती लगेच काढू नका

क्रिएटिव्ह क्लाउडमधून मोठं अपडेट टाकताना ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’ची टिक असते. ती काढा. दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर सुखाने नांदतात. बाहेरच्या कंपन्यांचे प्लगइन, म्हणजे फोटोशॉपला जोडायची जास्तीची टूल्स, नव्या आवृत्तीत आपोआप येत नाहीत, बहुतेकदा पुन्हा टाकावे लागतात, आणि तोवर जुनी आवृत्ती अब्रू वाचवते. जुनी आधीच गेली असेल तर क्लाउड ॲपमध्ये फोटोशॉपच्या शेजारच्या तीन टिंबांत ‘अदर व्हर्जन्स’ बघा. तिथे फार मागची मिळत नाही.

गिंप हे फोटोशॉपसारखंच, पण मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हसू नये. त्यांच्याकडे हे सगळं आधीच होऊन गेलंय. २०१२च्या २.८ आवृत्तीत सेव्ह फक्त एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइलसाठी ठेवलं आणि जेपेगसाठी एक्सपोर्ट आणलं, तेव्हा असाच गलका झाला होता. मार्च २०२५च्या ३.०मध्ये फिल्टर लेयरवर कायमचा उमटत नाही, वर वेगळा राहतो. नावाशेजारी एफएक्स दिसतं, तिथून तो नंतर बदलता किंवा काढता येतो. पेस्ट केलेलं तरंगत न राहता थेट नवा लेयर होतं. पायथॉन २चे जुने प्लगइन मात्र तिथे चालत नाहीत, आणि ३.०मध्ये नवे फिल्टर वापरून सेव्ह केलेली फाइल आधीच्या २.१० आवृत्तीत उघडेलच अशी आशा धरू नका.

नवरदेवाचा फ्लेक्स आम्ही रात्री अकरा वाजता परत छापून दिला, फुकट. मामांनी तो दुकानातच उलगडून, पट्टीने मोजल्यासारखा चेहरा बघितला आणि मगच गाडीत टाकला.