मुलांना हॅरी पॉटर दाखवताना या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की माझ्या वयाचे आईबाप हौसेने मुलांना हॅरी पॉटर दाखवायला बसतात आणि आठ दिवसांत तक्रार सुरू होते, की मूल घाबरले, कंटाळले किंवा अर्ध्यातून उठून खेळायला गेले. प्रत्येक घरात मला त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात मोठी चूक घाईची. पहिला चित्रपट 2001 सालचा आणि आठवा, म्हणजे शेवटचा, 2011 सालचा. आपल्याकडे पहिला भाग 2002 साली लागला, तेव्हा मी सहावीत होतो आणि कोल्हापुरात तो हिंदीतून पाहिला. शेवटचा भाग आला तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा होतो, शेवटी सतरा वर्षांचा असतो, आणि त्याच्याबरोबर आमचेही वय वाढत गेल्यामुळे पुढच्या भागातली भीती झेपण्याची ताकद आपोआप येत गेली. तेच सगळे पहिलीतल्या मुलाने एका सुट्टीत पचवावे, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

हा अन्याय मी स्वतः केला आहे. लेक सहा वर्षांची असताना दिवाळीत पहिला भाग तिला आवडला, म्हणून दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दुसरा लावला. हा भाग 161 मिनिटांचा आहे, हे माझ्या लक्षातही आले नाही. त्यात हॅरीच्या जादूच्या शाळेच्या वाड्याच्या भिंतींमधल्या नळांतून फिरणारा महाकाय साप आहे आणि त्याच्या तळघराची वाट मुलींच्या न्हाणीघरातून जाते. आमचे मंगळवार पेठेतले घर जुने, न्हाणीघर मागच्या बाजूला. त्या रात्रीपासून जवळजवळ तीन आठवडे तिने एकटीने तिकडे पाऊल टाकले नाही. आजी दाराबाहेर उभी राहून बोलत राहायची, तरी आतून प्रश्न यायचा, “बाबा, आपल्या नळात किती मोठा साप मावतो?”

“सगळे खोटे असते, घाबरू नकोस” हे मी दहा वेळा सांगितले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून सांडपाण्याच्या चार इंची पाइपचा हातभर तुकडा आणून तिच्या हातात दिला. तिने त्यात आधी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. मग डोके घालून पाहिले, ते कपाळालाच अडले. त्यानंतर मी तिला सांगितले की चित्रीकरणासाठी त्या सापाचे डोके खरोखर बनवले होते आणि ते यंत्राने हलवत. माणसांनी बसून साप कसा केला असेल, हे तिने कागदावर काढले आणि भीती उतरू लागली. तेव्हापासून माझी सवय अशी, की पुढचा भाग आदल्या रात्री मी एकट्याने पुन्हा पाहतो, तिला तो दिवसाउजेडी दाखवतो आणि दोन भागांत किमान एक वर्ष जाऊ देतो. चौथ्या भागापासून तर कथेत डोळ्यांदेखत मृत्यू येतो. अमेरिकेत त्या भागाला तेरा वर्षांखालील मुलांबाबत सावधगिरीचा इशारा देणारे प्रमाणपत्र मिळाले होते. सात वर्षांच्या मुलाने सगळे आठ भाग संपवले, हे कौतुकाने सांगणाऱ्या पालकांचे मला कौतुक वाटत नाही.

दुसरी चूक आपल्या तोंडाची. “आता बघ हं काय होते” असे म्हणत पडद्याऐवजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत बसणारा बाप मुलावर आनंदी दिसण्याची सक्ती करत असतो. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसतो, म्हणजे मला तिचा चेहरा दिसत नाही आणि तिला माझा. तिने वळून विचारले तरच उत्तर देतो.

भाषेचा हट्टही सोडावा. ज्या मुलाला अजून भरभर वाचता येत नाही, त्याला इंग्रजी संवाद आणि खाली पळणाऱ्या ओळी देऊन इंग्रजी सुधारत नाही, चित्रपट मात्र हातचा जातो. आम्ही हिंदीतून पाहतो आणि अडले की थांबवून मराठीत बोलतो.

मोबाइलवर दाखवू नये. मोठ्या प्रसंगांचे तुकडे आधी दाखवण्याचा सोपा मार्ग तर मुळीच धरू नये, कारण त्याने कथेतली उत्सुकताच मरते. मूल मध्येच उठले तर उठू द्यावे.

दुसरा भाग तिने आठव्या वर्षी पुन्हा, स्वतःहून मागून पाहिला. तिसरा या मे महिन्यात, नवव्या वर्षी झाला. त्यात आगगाडीत माणसाचा आनंद शोषून घेणारे, काळ्या झग्यातले दमपिशाच येतात आणि नंतर मास्तर हॅरीला खायला चॉकलेट देतात, एवढे मी आदल्या दिवशी तिला सांगून ठेवले होते. ती चॉकलेट उशाशी घेऊनच बसली, आगगाडीतले दिवे गेले तेव्हा तिने ते घट्ट धरले आणि हॅरीने तुकडा खाल्ला तेव्हाच स्वतःचा कागद उघडला. अर्धे मला दिले.