गोव्यातील मताधिक्य कसे वाचावे

नुसता आकडा पाहू नये, तो प्रथम मतदारसंघाच्या आकाराशी ताडून पाहावा. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघात सर्वसाधारणपणे पंचवीस-तीस हजार मतदार असतात, त्यामुळे हजारभर मतांची आघाडीही येथे क्षुल्लक ठरत नाही. २०२२ मध्ये पर्येत देविया राणे १३,९४३ मतांनी निवडून आल्या, तर साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचा विजय ६६६ मतांचा आणि सांत आंद्रेत विरेश बोरकर यांचा केवळ ७६ मतांचा होता.

त्यानंतर, जिंकणे पुरेसे असताना उमेदवार मोठ्या आघाडीसाठी का झटतो, हे तपासावे. निसटत्या विजयाला उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेने आव्हान मिळण्याची शक्यता अधिक असते आणि त्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते. मोठ्या आघाडीमुळे पुढच्या वेळी तगडा प्रतिस्पर्धी उभा राहण्यास कचरतो, आणि मंत्रिपदाच्या वाटाघाटीत आमदाराचे वजन वाढते. माझ्या मते गोव्यात याहून महत्त्वाचे कारण पक्षांतराचे आहे: २०२२ च्या सप्टेंबरात काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले, आणि अशा राज्यात मते पक्षाची नसून आपली आहेत, हे दाखवण्याचा आधार मताधिक्यच असते.

शेवटी फॉर्म २० म्हणजे अंतिम निकालपत्रकातील मतदान केंद्रनिहाय आकडे अवश्य पाहावेत. आघाडी सर्व वाड्यांतून आली की दोन-तीन केंद्रांतूनच, हे तेथे कळते. शिवाय विरोधी मते किती उमेदवारांत विभागली गेली, तेही मोजावे.