सभेत "एसीत बसलेले तज्ञ" ऐकू आलं की काय करायचं

निवडणूक जवळ आली की हे वाक्य हमखास येतं, "एसीत बसून रिपोर्ट लिहिणाऱ्यांना आमच्या मातीचं काय कळतंय?" टाळ्या पडतात, आणि रिपोर्टात काय लिहिलंय ते विचारायचं राहूनच जातं. कोकणात गाडगीळ समितीच्या रिपोर्टचं हेच झालं (पश्चिम घाट कसा जपायचा हे सांगायला केंद्र सरकारने नेमलेली, पर्यावरणतज्ञ माधव गाडगीळांची समिती), म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगतो.

आधी भाषणातला दावा वेगळा काढून कागदावर लिहा. "आपला माणूस", "बाहेरचे", "पुस्तकी किडे" हे सगळं गाळलं की एखादंच वाक्य हातात उरतं. गाडगीळांच्या वेळी गावोगाव पसरलेलं वाक्य होतं, हा रिपोर्ट लागू झाला की शेती बंद, घर बांधणं बंद.

मग मूळ कागद उघडा. पीडीएफ इंग्रजीत आणि लांबलचक आहे, पण सगळी वाचायची गरज नाही, शेती, घरं, खाणी एवढंच शोधा. शेतीवर बंदी नाहीये, उलट सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला मदत द्या असं म्हटलंय. हां, सगळ्यात नाजूक भागात रासायनिक कीटकनाशकं ५ वर्षांत बंद करा असंही आहे, आणि आंबा-काजूवाल्याने त्यावर जरूर भांडावं, पण ते भांडण झालंच नाही कारण सगळे घर बांधता येणार की नाही यातच अडकले. आणि त्याच भागात नव्या खाणींना परवानगी नको असंही लिहिलंय. कुठल्या शिफारशीने कोणाचं नुकसान होतं ते शेजारी मांडून बघा, मग ओरडा कोणाच्या फायद्याचा होता याचा अंदाज येतो.

"एसीत बसलेले" हेही तपासा. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते, त्यांचा उल्लेख त्याच रिपोर्टात आहे. ही मातीतलीच माणसं ना?

पण तज्ञ म्हटला की मान डोलवायची असंही नाही. रिपोर्ट ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला दिला आणि लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकारातून, दिल्ली हायकोर्टापर्यंत जाऊन. तोपर्यंत अफवा वाडीवाडीत पोचली होती. त्यामुळे तज्ञांना आणि सरकारलाही विचारा, मराठीतली प्रत कुठंय, आमच्या ग्रामसभेत कधी मांडताय?

आता सगळ्यात अवघड भाग, घरातल्या काकांशी बोलणं. त्यांना अडाणी म्हणू नका, प्लीज. शिकलेले लोक आपल्याला कमी लेखतात हेच तर त्या भाषणात सांगितलेलं असतं, तुम्ही तसं बोललात की नेत्याचं म्हणणं तुम्हीच खरं करून देता. जंगल खात्याच्या चकरा मारून त्यांनी जे सोसलंय ते खरंच आहे, ते आधी ऐकून घ्या, मग पान उघडून दाखवा. मला तर अशा वेळी प्रवरानगरचा साखर कारखाना आठवतो, लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, म्हणजे या माधवरावांचे वडील, दोघांनी मिळून उभा केला. शेतकरी आणि विद्वान एकमेकांचे शत्रू असतात हे महाराष्ट्राला कोणी शिकवू नये.

शेवटी कागदावर काहीतरी करा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. पश्चिम घाटातली कुठली गावं संवेदनशील क्षेत्रात येणार हे सांगणारा केंद्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि हरकतींना ६० दिवस होते. पुढचा मसुदा निघाला की आपल्या गावाचं नाव यादीत आहे का ते बघा, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, आणि हरकत असो वा पाठिंबा, पान नंबर टाकून लेखी द्या.