पावसाळ्यापूर्वीची कोळंबी काढणी आणि अवशेषांची चाचणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये बीज सोडलेल्या कोकणातील निमखाऱ्या तलावांची काढणी मे अखेरीस, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकावी लागते. त्यानंतर पावसाने पाण्याची क्षारता उतरते आणि बांधांचाही भरवसा राहत नाही. या घाईत प्रतिजैविकांच्या अवशेषांची चाचणी शेवटच्या दोन-तीन दिवसांवर ढकलली जाते. मग अहवाल हाती येण्याआधीच व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असते. म्हणून काढणीची तारीख ठरवतानाच तिच्यापासून मागे मोजून निदान पंधरा दिवस आधी नमुना प्रयोगशाळेत पोहोचेल असे पाहावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरल्यास रातोरात जाळे टाकावे लागते, तेव्हाही आधीचा अहवाल हाताशी असलेला बरा.

युरोपीय संघात जाणाऱ्या संवर्धित कोळंबीसाठी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची, म्हणजे एमपीडाची, काढणीपूर्व चाचणी लागते. तिच्यात एलायझा या झटपट चाचणीने दोन निषिद्ध प्रतिजैविकांचा माग काढतात: एक क्लोरॅम्फेनिकॉल, आणि दुसरे नायट्रोफ्युरान गटातील औषधांपासून कोळंबीच्या शरीरात तयार होणारे घटक. मूळ नायट्रोफ्युरान काही तासांतच विघटित होते, परंतु त्याचे हे घटक मांसातील प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे टिकतात आणि शिजवल्यानेही जात नाहीत. त्यामुळे ‘औषध देऊन महिना झाला, आता काय राहिले असणार’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. एलायझा ही चाळणी आहे. तिच्यात नमुना संशयास्पद ठरला, तर रेणूंच्या वस्तुमानावरून घटक नेमका ओळखणाऱ्या एलसी-एमएस/एमएस यंत्रावर खात्री करून घ्यावी लागते.

भारतातून जाणाऱ्या संवर्धित मालापैकी युरोपच्या सीमेवर तपासल्या जाणाऱ्या खेपांचे प्रमाण २०१६ मध्ये १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आले. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी तिथे पूर्वी एक अब्ज भागांत ०.३ भाग हा कारवाईचा निकष होता. नोव्हेंबर २०२२ पासून तो ०.१५ झाला आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा, तर एक टन कोळंबीत केवळ ०.१५ मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधील औषध तीन हजार टनांहून अधिक कोळंबीला या रेषेवर नेऊन ठेवण्यास पुरेल.

म्हणूनच, तलावात कधीही औषध न टाकणाऱ्याचा नमुनाही बाधित निघू शकतो. भाजल्यावर किंवा जखमेवर लावण्याचे, त्याच नायट्रोफ्युरान गटातील नायट्रोफ्युराझोनचे पिवळे मलम कोकणातल्या घराघरांत असते. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरच्या मोटारीवर हात भाजलेला गडी ते मलम लावून त्याच हाताने खाद्य कालवतो किंवा नमुन्याची पिशवी भरतो, आणि सारे तिथेच बिघडते. डोळ्यांत घालण्याच्या काही औषधांत क्लोरॅम्फेनिकॉल असते. असे मलम किंवा औषध वापरणाऱ्या माणसाला बरे होईपर्यंत खाद्य, चेक ट्रे (खाद्य किती खाल्ले ते पाहण्यासाठी तलावात सोडलेले ताट) आणि नमुना यांपासून दूर ठेवावे. ज्यांच्या पुड्यांवर घटकांची यादी नाही अशी ‘प्रोबायोटिक’ आणि ‘वाढवर्धक’ मिश्रणे, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी, घेऊ नयेत. माझ्या मते या व्यवसायात सर्वांत महाग पडणारी वस्तू हीच आहे. खाद्याचेही तसेच. त्यातील इथॉक्सिक्विन या टिकाऊपणासाठी घालण्यात येणाऱ्या द्रव्यामुळे २०१२ मध्ये जपानच्या बंदरांवर भारतीय कोळंबी अडकली होती, आणि तिथे शेतकऱ्याच्या हातून काहीच चुकलेले नव्हते. यासाठी बीज, खाद्य आणि चुना यांच्या प्रत्येक लॉटचा क्रमांक व पावती वहीत ठेवावी आणि खाद्याची मूठभर पुडी, तारीख लिहून, काढणीनंतरही काही महिने जपावी.

काढणीपूर्व चाचणीचा अधिकृत नमुना प्रयोगशाळेचे कर्मचारी घेतात. स्वतःच्या खात्रीसाठी पाठवायचा नमुना मात्र नीट घ्यावा. फेकजाळे तलावाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी टाकून मिळालेली कोळंबी एकत्र करावी, कारण चेक ट्रेवर आलेली कोळंबी साऱ्या तलावाची साक्ष देत नाही. हात नुसत्या पाण्याने धुऊन कोरे हातमोजे घालावेत, नव्या पिशवीवर तलाव क्रमांक, तारीख आणि संवर्धनाचे दिवस लिहावेत आणि पिशवी बर्फात घालून त्याच दिवशी रवाना करावी. चाचणी सोललेल्या मांसाची होईल, याची खातरजमा करून घ्यावी. नायट्रोफ्युराझोनची खूण मानला जाणारा सेमिकार्बाझाईड हा घटक कोळंबीवर्गाच्या कवचात, विशेषतः गोड्या पाण्यातील जंबो कोळंबीच्या कवचात, औषधाशिवायही सापडतो आणि विनाकारण दोष पदरी येतो.

ज्यांचे पाणी रासायनिक वसाहतींच्या खालच्या अंगाच्या खाडीतून येते, त्यांनी हंगामातून एकदा कॅडमियम, शिसे आणि पारा यांचीही चाचणी करावी. कॅडमियम प्रामुख्याने डोक्यातील पाचक ग्रंथीत साठते, त्यामुळे अख्खी कोळंबी आणि सोललेले मांस यांचे आकडे वेगळे येतात. हापूसच्या बागा वरच्या बाजूला असतील, तर फवारणीचा अंश वळवाच्या पहिल्या पाण्याबरोबर ओहोळातून खाली येतो. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके कोळंबीला अत्यल्प मात्रेतही मारतात, म्हणून त्या दिवशी पाणी घेण्याचे दार बंदच ठेवावे.

अहवाल बाधित आला, तर तो तलाव वेगळा ठेवावा, त्याचे जाळे, टोपल्या आणि बर्फाचे खोके दुसऱ्या तलावावर नेऊ नयेत आणि खात्रीच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत काढणी थांबवावी. माल ‘इथल्या बाजारात’ खपवण्याचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. ही औषधे आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही निषिद्ध आहेत, आणि चांगल्या तलावाच्या मालात तो माल मिसळला, तर एका तलावाचे नुकसान साऱ्या खेपेचे होते. निकाल येईपर्यंतच्या दिवसांत वही उघडून पिलांच्या हॅचरीपासून गड्याच्या मलमापर्यंत एकेक नोंद मागे तपासत जावी.