कुलूप पुन्हा पुन्हा तपासण्याची सक्ती: घरी सराव कसा करावा

स्वारगेटची बस गाठायची असते, तरी माणूस जिन्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतो. ‘चोरी झाली तर दोष माझाच’ हा विचार ओसीडीत, म्हणजे नकोसे विचार आणि सक्तीच्या कृतींच्या आजारात, फार जड होतो. तपासलं की भीती लगेच उतरते, म्हणूनच सवय पक्की होते. शिवाय जितकं तपासावं तितका आपल्याच आठवणीवरचा भरवसा कमी होतो.

कोणत्या प्रसंगी किती अस्वस्थता होते, ते ० ते १०० मध्ये लिहून काढा. सुरुवात ४०च्या आसपासच्या प्रसंगाने. कुलूप लावा, एकदाच ओढा, निघा. मोबाइलवर फोटो नको, तेही तपासणंच. कुलूप लावल्याचं दृश्य मनात पुन्हा चालवणं हीसुद्धा सक्तीच, आणि ती पटकन लक्षात येत नाही. ‘लागलं असेल, कदाचित नसेलही’ एवढ्यावर थांबा. अस्वस्थता वाढली तरी वाढू द्या. रोज तोच प्रसंग. सोपा वाटू लागला की पुढचा.

बिघडतं ते बहुधा घरच्यांमुळे. ‘अगं, लागलंय कुलूप!’ हे प्रेमाचंच, पण तो दिलासा टिकत नाही. ‘यावर उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय ना?’ एवढंच म्हणावं.

रोज तासाहून जास्त वेळ यात जात असेल तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. पुण्याच्या ससून रुग्णालयातही हा विभाग आहे. औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही चालू असते.