संत्र्याला रात्री भोक पाडणारा पतंग

आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या) संत्र्याला रंग चढू लागला की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात फळगळीची ओरड सुरू होते. सगळी गळ बुरशीची नसते. पडलेलं फळ उचलून दाबून पाहा. टाचणीने टोचल्यासारख्या गोल छिद्रातून रसाची चिळकांडी उडाली आणि फळ कापल्यावर आत अळी नसली, तर हे काम रसशोषक पतंगाचं. अळ्या निघाल्या तर फळमाशी. तिचा इलाज वेगळा.

पतंग चांगला थोराड, पंख पसरले तर 8 ते 10 सेंमी. पुढचे पंख तपकिरी-हिरवट, त्यामुळे दिवसा पाल्यात बसला तर वाळकं पान समजून माणूस पुढे जातो. ते उघडले की खालचे केशरी-पिवळे पंख दिसतात. त्यांवर मधोमध काळा गोल ठिपका असेल तर युडोसिमा मॅटर्ना ही जात, स्वल्पविरामासारखा वाकडा डाग असेल तर युडोसिमा फुलोनिया. बंदोबस्त दोन्हींचा सारखाच. सोंड कडक, टोकाला काटेरी, म्हणून साल सहज भेदते. त्याच भोकातून बुरशी शिरते, भोवतीची साल तपकिरी, मऊ पडते आणि फळ गळतं.

दिवसा बागेवर फवारणी करून पैसेच जातात. अळी संत्र्यावर राहत नाही, पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो. गडद, मखमली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, पाठ उंचावत चालणारी ही अळी धुऱ्यावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. या वेली मुळासकट काढा. गुळवेल नुसती बुडाशी कापून झाडावर लोंबती ठेवू नका. ती वरून मुळ्या सोडते अन् पुन्हा जमीन धरते. औषधाला हवी तर घराजवळ लावा, बागेच्या कुंपणाला नको.

आमिषासाठी 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ विरघळवा, गळलेल्या फळांचा अर्धा लिटर रस आणि शेवटी मॅलाथिऑन 50 ईसी हे कीटकनाशक 20 मिली घाला. औषध वाढवू नका, उग्र वासाला पतंग फिरकत नाही. रुंद तोंडाच्या बाटल्या अर्ध्या भरून 25 ते 30 झाडांमागे दोन ठेवा, जवळ दिवा लावा. सकाळी त्या झाका, नाहीतर मधमाश्या मरतात. लेकरं, गुरं लांबच बरी.

गळलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरा, सडक्या फळाच्या वासाने पतंग आणखी येतात. संध्याकाळी ओला पाला जाळून धूर करायचा तर वारा ज्या बाजूने येतो, बागेच्या त्या बाजूला करा. उलट्या बाजूचा धूर शेजाऱ्याच्या वावरात जातो.